डोळ्यांच्या कॅप्सूलचा सात-बारा : तीन बाटल्या, दीड वर्ष

परवा रात्री जेवणानंतर शेवटची कॅप्सूल घेतली. सकाळी हिने ती बाटली धुऊन वाळवली आणि त्यात ओवा भरला. म्हटलं, आता या प्रकरणाचा पंचनामा लिहून टाकावा, कारण दीड वर्षांत कट्ट्यावरच्या निदान आठ जणांनी मला विचारलंय, "ती डोळ्यांची गोळी कुठली हो? आम्हीपण सुरू करू का?"

आधी माझं सांगतो. वय ७१. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून एकतीस वर्षं काढली, शेवटची अकरा कराडला. म्हणजे आयुष्य सरळ रेघा मारण्यात आणि लोकांनी वाकड्या केलेल्या बांधांकडे बघण्यात गेलं. डोळ्यांवर पोट होतं. रानात उन्हातान्हात बिडी ओढायचो, ती १९९८ला सोडली. या बिडीचा संबंध पुढे येतो, म्हणून आत्ताच कबूल करून ठेवतो.

गेलो होतो मोतीबिंदू दाखवायला. डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून बाहुली मोठी केली, बराच वेळ आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "काका, मोतीबिंदू किरकोळ आहे, घाई नाही. पण मागच्या पडद्यावर जरा गोष्ट आहे." मग ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, काढला. पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाची इवलीशी जागा असते, वाचणं आणि चेहरा ओळखणं सगळं तिच्या जिवावर. तिथे खाली पिवळसर कण साचलेत, त्याला ड्रूसेन म्हणतात. उजव्या डोळ्यात मोठे, डाव्यात कमी. मी विचारलं, मोठे म्हणजे किती? तर १२५ मायक्रॉनच्या वर. मिलिमीटरचा आठवा भाग! आमच्या नकाशावर पेन्सिलीची रेघ याहून जाड असायची. एवढ्याशा कणांपायी माझी उजव्या डोळ्याची फाइल "इंटरमीडिएट एएमडी" या सदरात गेली. वयामुळे होणारी पडद्याची झीज, मधल्या टप्प्यातली. सध्या दिसायला काही त्रास नाही, पुढे होऊ शकतो.

त्यांनी चिठ्ठीवर औषधाचं नाव लिहिलं नाही. लिहिलं, "एरेड्स-२ फॉर्म्युला, रोज". हे जीवनसत्त्वं आणि झिंक यांचं ठरावीक मापाचं मिश्रण, तपशील पुढे देतो. आणि चौकटी-चौकटींचा एक कागद दिला, मधे ठिपका. त्याच्याकडे नंतर येतो.

पहिली बाटली

ही स्टँडजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवरच मांडलेली होती, बिस्किटांसारखी. ३० कॅप्सूल, ६४९ रुपये. बाहेर डोळ्याचं चित्र, त्यातून सोनेरी किरणं. पोरगा म्हणाला, "काका, हीच घ्या, सगळे हीच नेतात." मी नेली. एवढी वर्षं लोकांना सांगत आलो की मोजणीशिवाय जमीन घेऊ नका, आणि स्वतः लेबल न वाचता बाटली घेतली.

घरी आल्यावर भिंग लावून मागची बाजू वाचली. बीटा कॅरोटीन होतं, झिंक १० मिलिग्रॅम, क जीवनसत्त्व ४०, आणि ब्लूबेरीचा अर्क वगैरे शोभेची झाडं. पुढच्या तपासणीला बाटली सोबत नेली. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "बिडी-सिगारेट?" म्हटलं, सोडून पंचवीस वर्षं झाली. त्यांनी बाटली टेबलाच्या पलीकडे सरकवली. "ही बंद. आज."

कारण ऐकून मी थंडच पडलो. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांपैकी निम्म्यांना बीटा कॅरोटीन देऊन बघितलं होतं, फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल या आशेने. १९९४ला निकाल आला. कर्करोग कमी व्हायचा राहिला बाजूला, उलट १८ टक्क्यांनी वाढला. अमेरिकेतला असाच दुसरा प्रयोग १९९६ला मधेच थांबवावा लागला. पुढे डोळ्यांच्या अभ्यासातही तेच दिसलं, आणि तिथे ज्यांना कर्करोग झाला त्यांतले बहुतेक जण सिगारेट सोडून दिलेले होते. म्हणजे सोडलेल्यालाही सूट नाही. तेव्हा ज्यांनी कधीकाळी बिडी, सिगारेट ओढली आहे त्यांनी या बाटलीवरचं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, पण "बीटा कॅरोटीन" हे दोन शब्द शोधा. काउंटरवरच्या पोराला तुमच्या बिड्यांचा हिशेब माहीत नसतो आणि तो विचारतही नाही.

या बाटलीच्या वीस-एक कॅप्सूल हिने संपवल्या होत्या, ते वेगळंच. "अहो, मलाही जरा धूसर दिसतंय" म्हणून माझ्या मागोमाग तिनेही सुरू केली. तिला दाखवलं तेव्हा कळलं की तिचा मामला साधा मोतीबिंदूचा. ज्या मोठ्या अभ्यासातून हा फॉर्म्युला निघाला त्यात मोतीबिंदूवर या गोळ्यांचा काही परिणाम आढळला नव्हता. तिचं ऑपरेशन झालं, आता तांदळातला खडा तिला माझ्याआधी दिसतो. काचबिंदूवाल्यांनीही या बाटलीच्या नादी लागून आपले थेंब चुकवू नयेत. हे औषध एका रोगाचं, त्यातही एका टप्प्याचं आहे. "डोळ्यांसाठी चांगलं" म्हणणं म्हणजे "सातारा जिल्ह्यात जमीन आहे" म्हणण्यासारखं. गट नंबर सांगा!

मूळ फॉर्म्युला काय आहे

इथे जरा थांबतो, कारण हे कळल्याशिवाय कुठल्याच बाटलीची मोजणी होत नाही.

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूट या सरकारी संस्थेने एक अभ्यास केला, एरेड्स. निकाल २००१चा. रोजचा डोस असा : क जीवनसत्त्व ५०० मिलिग्रॅम, ई जीवनसत्त्व ४०० युनिट, बीटा कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, झिंक ८० आणि तांबं २. तांबं कशाला? एवढं झिंक पोटात गेलं की शरीराला तांबं कमी पडायला लागतं आणि त्यातून रक्तक्षय होऊ शकतो, म्हणून. दुसरा अभ्यास एरेड्स-२, चार हजारांवर माणसं, निकाल २०१३. त्यात बीटा कॅरोटीन काढून ल्युटीन १० आणि झियाझॅन्थिन २ मिलिग्रॅम घातलं. ही दोन्ही पिवळी द्रव्यं मॅक्युलात मुळातच असतात. फॉर्म्युला तसाच लागू राहिला आणि कर्करोगाची भीती गेली. माशाच्या तेलाचं ओमेगा-३ घालूनही बघितलं, त्याचा उपयोग दिसला नाही. तरी आपल्याकडे बऱ्याच बाटल्यांवर ते ठळक छापलेलं असतं, कारण कॅप्सूल जाडजूड दिसते.

ज्यांच्या पडद्यावर काहीच नाही किंवा अगदी सुरुवातीचे बारीक कण आहेत, त्यांना फायदा दिसला नाही. मधल्या टप्प्यातल्यांना, किंवा एक डोळा पुढच्या टप्प्यात गेलाय आणि दुसरा वाचवायचाय अशांना दिसला. कट्ट्यावरच्या आठांपैकी सात जण इथेच गळतात. आठव्याचं अजून थेंब घालून तपासणंच झालेलं नाही.

दुसरी बाटली

ही औषधाच्या दुकानातली, चिठ्ठी दाखवून घेतलेली. ३० कॅप्सूल, ८४० रुपये. समोर मोठ्या अक्षरात "एरेड्स-२ वर आधारित". आधारित हा शब्द मी सिनेमाच्या पाटीवर वाचलाय, "सत्य घटनेवर आधारित". त्यानंतर काय काय दाखवतात ते आपण जाणतो.

ल्युटीन १०, झियाझॅन्थिन २. हे बरोबर. क जीवनसत्त्व ४०, ई १० मिलिग्रॅम. हे अभ्यासातल्या डोसाच्या जवळपासही नाही. झिंकचं मात्र सांगण्यासारखं आहे. लेबलवर होतं, झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मिलिग्रॅम. मी खूश झालो, ८०च्या जवळ आलं की. मग खाली बारीक अक्षरात, "म्हणजे झिंक २२.५". ज्यांनी सात-बारा वाचलाय त्यांना हे चटकन समजेल. एकूण क्षेत्र ६१.८, त्यातलं लागवडीलायक २२.५, बाकी पोटखराबा. मोजायचं ते लागवडीलायक. एरेड्सचे ८० हे निव्वळ झिंकचे आकडे आहेत, क्षाराचे नाहीत.

तक्रार करताना न्यायाचंही बोलतो. एरेड्स-२मध्ये काहींना ८०ऐवजी २५ झिंक दिलं होतं आणि निकालात ठळक फरक आढळला नाही. तेव्हा ही २२.५वाली बाटली झिंकच्या बाबतीत अगदी टाकाऊ नाही. टोचतं ते समोरचं नाव आणि मागचा तक्ता एकमेकांना ओळखत नाहीत हे. आपल्याकडे या कॅप्सूल औषधाच्या नव्हे, पूरक अन्नाच्या नियमाखाली विकल्या जातात. "औषधी वापरासाठी नाही" असं लेबलवरच लिहिलेलं असतं, शोधा म्हणजे सापडेल. दुकानदार ती औषधाच्या पिशवीत घालून देतो आणि आपण औषध समजून घेतो.

पाच महिने ही घेतली. त्रास काही नाही. घशात अडकत नाही, वास नाही. पुठ्ठ्याचं खोकं मात्र उगाच एवढं मोठं की आत अजून दोन बाटल्या मावल्या असत्या.

तिसरी बाटली

मुलगी डॅलसला असते. तिला फोनवर फॉर्म्युल्याचे आकडे सांगितले, म्हटलं अगदी याच आकड्यांची बघ. तिने तिथल्या औषधाच्या दुकानातून बाटली घेतली आणि गावाकडे येणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवली. १२० कॅप्सूल, रोज दोन, म्हणजे दोन महिने. किंमत सांगायला तयार नव्हती, "बाबा, तुम्ही घ्या हो गपचूप." पण पिशवीत पावती राहिली होती. २९ डॉलर. आपले साधारण अडीच हजार. म्हणजे महिन्याला साडेबाराशे. अपुऱ्या डोसाच्या ८४०शी तुलना केली तर महाग म्हणवत नाही.

आकडे जुळवताना एका ठिकाणी अडलो. ई जीवनसत्त्व १८० मिलिग्रॅम लिहिलेलं. मुलीला लगेच फोन, म्हटलं ही चुकीची आली, ४०० पाहिजे. तेव्हा तिथे रात्रीचा एक वाजला होता. नंतर कळलं की ४०० हे युनिट आहेत, आणि कृत्रिम प्रकारच्या ई जीवनसत्त्वाचे ४०० युनिट म्हणजेच १८० मिलिग्रॅम. एकर-गुंठे आणि हेक्टर-आर यांचा घोळ जन्मभर निस्तरलेला माणूस मी, आणि इथे फसलो. शिवाय तक्ता एका कॅप्सूलचा आहे की दिवसभराच्या दोन कॅप्सूलचा, हेही बघून घ्यावं लागतं. मी सगळं वहीत मांडलं तेव्हा आकडे बरोबर जुळले, तांब्याच्या २ मिलिग्रॅमपर्यंत.

आता त्रास. कॅप्सूल चिंचोक्याएवढी आहे. पहिल्या दिवशी सकाळी रिकाम्या पोटी चहाबरोबर घेतली आणि फिरायला प्रीतिसंगमावर गेलो. घाट उतरेपर्यंत तोंडात लोखंडी चव आणि पोटात असं ढवळून आलं की बाकावर बसून राहिलो. समोर कृष्णा आणि कोयना एकमेकींना मिळत होत्या आणि माझ्या पोटातही तेच चाललं होतं. झिंक रिकाम्या पोटी घ्यायचं नसतं. त्या दिवसापासून एक दुपारच्या भाकरीनंतर, एक रात्रीच्या जेवणानंतर. पुन्हा त्रास नाही.

एप्रिलात अजून एक गंमत. कॅप्सूल मऊ असतात. आमच्या पत्र्याखालच्या खोलीत त्या एकमेकींना चिकटून गोळा झाला. एक फुटली आणि बनियनवर केशरी डाग पडला तो अजून आहे. ल्युटीनचा रंग खरा आहे एवढं तरी सिद्ध झालं. आता बाटली माठाच्या मागच्या कोनाड्यात असते.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी मुद्दाम सांगाव्या लागतात. पहिली लघवीची. जास्त झिंक घेणाऱ्यांना मूत्रमार्गाच्या तक्रारींसाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण मूळ एरेड्स अभ्यासात थोडं जास्त होतं. माझं प्रोस्टेट आधीच कुरकुर करतं, म्हणून सहा महिन्यांनी तेही दाखवून आलो. दुसरी रक्त पातळ करण्याच्या गोळीची. आमच्या कट्ट्यावरच्या आबांना ती चालू आहे. एवढ्या मोठ्या डोसातलं ई जीवनसत्त्व तिच्याबरोबर रक्तस्राव वाढवू शकतं, त्यामुळे त्यांना मी बाटलीचं नाव सांगितलंच नाही. रागावलेत. चालेल. आणि आधीच कुठली शक्तीची गोळी घेत असाल तर तिच्यातलंही झिंक बेरजेला धरा.

मग गुण किती?

इथेच माझी अडचण आहे. पंखा घेतला तर वारा लागतो की नाही ते कळतं. ही कॅप्सूल घेऊन दिसणं सुधारत नाही. सुधारणारच नाही, ती त्यासाठी नाहीच. झिजलेलं भरून येत नाही. पुढची झीज लांबली तर लांबली.

किती लांबते, तर मूळ अभ्यासातले आकडे डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर लिहून दिले, कारण मी आकड्यांशिवाय ऐकत नाही हे त्यांना कळून चुकलंय. माझ्यासारख्या टप्प्यातल्या १०० जणांनी काहीच घेतलं नाही तर पाच वर्षांत साधारण २८ जण पुढच्या टप्प्यात गेले. पूर्ण फॉर्म्युला घेणाऱ्यांत २०. म्हणजे शंभरात आठ जण वाचले. वीस जणांनी कॅप्सूल घेऊनही नजर घालवायच्या वाटेला लागायचं ते लागलेच, आणि ७२ जणांना न घेताही पाच वर्षं काही होणार नव्हतं. मी त्या आठांत आहे, विसांत आहे की बहात्तरांत, हे मलाही कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही आणि डॅलसच्या कंपनीलाही नाही. अशा मालाला पाचपैकी किती तारे द्यायचे ते तुम्हीच सांगा. मी साडेबाराशे रुपये महिना त्या आठांसाठी देतोय. परवडतात म्हणून देतोय. पेन्शनीत ओढाताण असती तर आधी वर्षाच्या ओसीटीचे पैसे बाजूला काढले असते आणि उरले तर कॅप्सूल घेतली असती.

मेथी, पालक, मका, अंड्यातला पिवळा बलक, यांत ल्युटीन आहे आणि ते खावंच. आमच्याकडे मेथी आठवड्यातून तीनदा झाली, मी कुरकुर बंद केली. पण जेवणातून रोज ८० मिलिग्रॅम झिंक मिळवायचं म्हटलं तर माणसाला गोठ्यात बसून रवंथ करावा लागेल. गाजराचा मान मोठा असला तरी त्यात मुख्यतः ते बीटा कॅरोटीनच. ताटातल्या गाजराला कुणी हरकत घेतलेली नाही, भानगड गोळीतल्या डोसाची आहे. अ जीवनसत्त्व कमी पडून रातांधळेपणा येतो त्यावर गाजर चांगलं, माझा प्रश्न तो नाही.

तो चौकटींचा कागद

या सगळ्या खरेदीत सर्वांत कामाची वस्तू फुकट मिळाली. ॲम्सलर ग्रिड. दहा सेंटिमीटर लांब-रुंद, पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटी, मधे ठिपका. वाचायचा चष्मा लावायचा, हातभर अंतरावर धरायचा, एक डोळा झाकायचा, ठिपक्याकडे बघायचं. रेघा सरळ आहेत का, कुठे चौकट पुसट झालीय का, एवढंच. मग दुसरा डोळा. दोन्ही उघडे ठेवून बघू नका, चांगला डोळा वाईटाची चोरी झाकतो. रेघ अचानक वाकलेली दिसली तर पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या फुटून पाणी झिरपत असू शकतं. तेव्हा कॅप्सूल काही कामाची नाही, डोळ्यात इंजेक्शन लागतं, आणि तेही दिवस न घालवता.

मला हे काम कुणी शिकवायला नको. मी तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटावर डकवला आणि रोज सकाळी चहाच्या आधी मोजणी सुरू केली. गेल्या जुलैत एका सकाळी उजव्या डोळ्याला खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या चार रेघा चक्क नागमोडी दिसल्या. अंगाला घाम. आंघोळ न करता रिक्षा केली. थेंब, ओसीटी, तीन तास. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, काही नवीन नाही. डाव्या डोळ्याने बघितलं होतं का?" नव्हतं बघितलं. घरी येऊन बघितलं तर डाव्यालाही नागमोडी. कुकरच्या वाफेने आणि पावसाळी दमटपणाने कागदच फुगला होता! खात्यात जुने नकाशे आकसून क्षेत्र कमी-जास्त भरायचं, त्यावर मी स्वतः टिपणं लिहिलीत, आणि घरचा नकाशा तपासायचं सुचलं नाही. आता नवा कागद पुठ्ठ्यावर चिकटवून बाहेरच्या खोलीत लावलाय. रिक्षाचे आणि तपासणीचे पैसे गेले त्याचं दुःख नाही. खरं असतं तर त्याच दिवशी जायला हवं होतं.

पुढचा ओसीटी दिवाळीनंतर आहे. मागच्या दोन्ही वेळा ड्रूसेन होते तिथेच, तेवढेच. हे कॅप्सूलमुळे की नशिबाने, ते वर लिहिलंच आहे.

मुलगी विचारत होती, बाबा या खेपेला दोन बाटल्या पाठवू का? म्हटलं एकच पाठव, तारीख बघून घे, आणि येणाऱ्या माणसाला सांग उन्हात ठेवू नको.